पाळण्याचं लाकूड

१

कारागीर गेला तेव्हा त्याच्या हातात वाद्यकारांच्या मंडळाचं पत्र होतं. चार ओळींचं. ग्राहकाने विश्वासाने सोपवलेलं लाकूड बदलल्याची तक्रार आली आहे, वारंवार विचारूनही आपण खुलासा केलेला नाही, सबब आपलं नाव मान्यताप्राप्त कारागिरांच्या यादीतून काढण्यात येत आहे. सकाळी दहाच्या सुमाराला त्याची लेक चहा घेऊन कारखान्यात गेली, तर बाबा स्टुलावर बसलेले, कपाळ कामाच्या टेबलावर टेकलेलं. तिला वाटलं, डोळा लागला असेल. चहा पार निवला तरी तिने त्यांना हाक मारली नाही.

तीन आठवड्यांनी ती भिंगबाईंच्या दारात उभी राहिली. सातवा महिना लागलेला, जिना चढून धाप लागलेली.

भिंगबाईंनी उभी हयात सरकारी लाकूड-प्रयोगशाळेत काढली होती. लाकडाच्या कापलेल्या तोंडावर दहापट मोठं दाखवणारं भिंग धरायचं आणि झाडाचं नाव सांगायचं, एवढंच काम. निवृत्तीनंतरही भिंग गळ्यातच राहिलं. सागवानी पलंग म्हणून मिरवणारे ओळखीतले लोक त्यांना घरी बोलवायला जरा कचरायचे. एकदा एका लग्नघरी त्या नुसत्या सोफ्याकडे बघून "हं" म्हणाल्या होत्या, तर वरमाईने दोन वर्षं अबोला धरला.

"मावशी, बाबा चोर नव्हते," लेक म्हणाली. मग तिने विचारलं, "नव्हते ना?"

भिंगबाईंनी तिला आधी पाणी दिलं. कारागिराला त्या वीस वर्षं ओळखत होत्या. तो युकुलेली बनवायचा. चार तारांचं, मांडीवर बाळासारखं मावणारं ते छोटं वाद्य. वर्षाला जेमतेम दहा, पण अशी की दुकानातल्या यंत्रावरच्या वाद्याशेजारी ठेवली तर आंधळ्यालाही फरक कळावा. लाकडाबद्दल शंका आली की तो तुकडा घेऊन त्यांच्याकडे यायचा आणि उत्तर आधीच माहीत असल्यासारखा हसायचा.

"तक्रार कुणी केली?"

"गाणीबाईंनी. त्या बालवाडीत गाणी शिकवतात ना, त्यांनी. घरात एक पाळणा होता, त्याची युकुलेली करून मागितली होती. शिसवाचा पाळणा."

"कुणाचा?"

"त्यांच्या मुलीचा. चौदा महिन्यांची होऊन गेली ती. पस्तीस वर्षं झाली."

भिंगबाईंनी तिचा रिकामा पेला बाजूला ठेवला.

"मी बाळंतपणाला माहेरी आलेय आणि माहेरच्या गल्लीत लोक माझ्या बापाला लाकूडचोर म्हणतात," लेक म्हणाली. "खरं काय ते शोधा. वाईट निघालं तरी सांगा."

"वाईट निघालं तर सांगायला मलाही जड जाईल, बाळ."

"तरी सांगा."

२

गाणीबाईंचं घर दोन खोल्यांचं, लख्ख. भिंतीवर बालवाडीच्या मुलांचे फोटो, ओळीने. त्यांनी युकुलेली टेबलावर पालथी ठेवली आणि शेजारी एक काळा लाकडी गोळा ठेवला, मोठ्या लिंबाएवढा.

"तुम्ही जाणकार आहात. तुम्हीच सांगा, ही दोन्ही एकाच पाळण्याची आहेत का?"

नुसत्या डोळ्यांनीही दिसत होतं. गोळा काळाकुळकुळीत. युकुलेलीची पाठ तपकिरी, तिच्यात जांभळी झाक आणि मधूनमधून शाईच्या रेघांसारखे काळे पट्टे.

"हा गोळा पाळण्याच्या खांबावरचा," गाणीबाई म्हणाल्या. "पाळणा दिला तेव्हा हा एक मी ठेवून घेतला. माझी लेक याला धरून उभी राहायची. वाद्य घरी आलं, मी दोन्ही शेजारी ठेवली, तर रंगच वेगळा. मी तशीच त्यांच्याकडे गेले. म्हटलं, हे माझं लाकूड नाही. तर ते म्हणाले, 'बाई, लाकूड तुमचंच आहे.' तोंड वर करून! डोळ्यांत बघून!"

"आणखी काही म्हणाले?"

"काही नाही. दहादा विचारलं. एकच पालुपद, लाकूड तुमचंच आहे." त्यांनी युकुलेली दूर सरकवली. "पाळण्याच्या कठड्यावर तिच्या दातांच्या खुणा होत्या हो. दात येत होते तेव्हा कठडा चावायची सारखी. मी सांगितलं होतं, बाकी कसंही कापा, तेवढा तुकडा वाद्याच्या डोक्यावर बसवा. ते हो म्हणाले होते. आणि दिलं तेव्हा म्हणतात, तो तुकडा टिकला नाही. पस्तीस वर्षं माझ्या घरात टिकला, त्यांच्याकडे आठ दिवसांत टिकला नाही!"

भिंगबाईंनी गोळा तळहातावर घेतला. वाटला होता त्यापेक्षा हलका. काळ्या अंगावर एक ओरखडा होता आणि ओरखड्यात बारीकशी तांबूस-शेंदरी रेघ.

"आत तांबडा गर असतो ना शिसवाला?" गाणीबाईंनी विचारलं.

"थोडं तासून बघू का? अगदी नखाएवढं."

"नाही!" गाणीबाईंनी गोळा काढून घेतला. "याला पातं लावायचं नाही. आता एवढंच उरलंय."

"बरं. पाळणा कुठून आला होता?"

"यांच्या आजोबांचा शिसवी पलंग मोडून केलेला. माझ्या माहेरचे नाकं मुरडायचे, गोदीतल्या कामगाराच्या घरात पोर दिली म्हणून. पाळणा बघितला आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली." त्या पहिल्यांदाच किंचित हसल्या. "तीन महिने यांनी शेजारच्या शेडमध्ये स्वतःच्या हाताने केला. मला बघूसुद्धा दिला नव्हता."

"आणि मुलगी... आजारी होती?"

"काय होतं ते कळलंच नाही. आधी पांढरी पडत गेली. खायची नाही, पोटात दुखून कळवळायची. मग झटके आले. डॉक्टर म्हणाले, ताप मेंदूत गेला. ताप कुठे होता एवढा? पण आपण काय बोलणार."

इतका वेळ गाणीबाईंचा नवरा दाराशी खुर्चीत बसून होता. उंच, वाकलेला, हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली. भिंगबाई निघाल्या तेव्हा तो फाटकापर्यंत आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, माणूस गेला. आता हे इथंच थांबवा."

"गेलेल्याची लेक आहे ना मागे."

त्याने मान खाली घातली. "माझीही होती," तो म्हणाला आणि आत निघून गेला.

३

कारखाना कारागिराने सोडला तसाच होता. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर रंधे, पटाशा, चिमटे, सरस वितळवायचं भांडं. एका कोपऱ्यात उभी लोखंडी नळी. ती आतून तापवायची, ओली पातळ पट्टी तिच्यावर हळूहळू दाबायची, म्हणजे लाकूड कंबरेसारखं वळतं आणि वाद्याच्या कडा तयार होतात. घाई केली की पट्टी कटकन मोडते. कारागीर म्हणायचा, लाकडाला आधी घाम फुटू द्यावा, मग ते ऐकतं.

समोरच्या भिंतीवर मांडण. तिच्यात पातळ फळ्यांच्या जोड्या, मध्ये काड्या घालून हवेशीर रचलेल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. देवदार, महोगनी, फणस, अक्रोड. काही बारा वर्षं वाळत होत्या, काही वीस. सर्वांत वरचा कप्पा रिकामा. त्याची चिठ्ठी मात्र तिथंच चिकटलेली होती. तिच्यावर एकच शब्द होता, 'लेकीची'.

"ते माझं शिसव," लेक म्हणाली. "मी आठ वर्षांची असताना आणलेलं. असं आता कुठे मिळत नाही म्हणायचे. माझ्या पहिल्या मुलाला त्याची युकुलेली करणार होते. एक दिवस कारखान्यात आले, तर कप्पा रिकामा. विचारलं, तर म्हणाले, लागलं एका कामाला. मला वाटलं, विकलं असेल."

भिंगबाईंनी सोबत आणलेली युकुलेली टेबलावर ठेवली. गाणीबाईंनी ती खुशाल न्या म्हणून दिली होती. त्यांना ती नजरेसमोरसुद्धा नको होती. मग भिंगबाईंनी उरलेल्या कापांची पेटी उपसायला घेतली. अर्ध्या तासाने एक वीतभर तुकडा हाती लागला. तपकिरी, जांभळट, काळ्या रेघांचा. त्यांनी तो पाठीशेजारी धरला.

युकुलेलीची पाठ दोन पानांची असते. एकच फळी जाडीतून मधोमध चिरायची आणि पुस्तकासारखी उघडून जोडायची. मग डाव्या पानावरची रेघ उजव्या पानावर आरशातल्यासारखी उतरते. त्याच फळीचा तिसरा काप असेल, तर तोही त्याच रेघा घेऊन येतो. पेटीतला तुकडा असा जुळला की लेकीला भिंग लागलं नाही. रेघेला रेघ, वळणाला वळण.

"म्हणजे..."

"म्हणजे ही पाठ पाळण्याची नाही. तुझ्या शिसवाची आहे."

लेक स्टुलावर बसली. "म्हणजे बदललंच त्यांनी."

"बदललं."

"मला वाटतच होतं." तिचे डोळे भरून आले. "पाळणा आला त्याच आठवड्यात त्यांनी मला कारखान्यात यायची बंदी केली. आठ दिवस. दाराला आतून कडी. पॉलिशवाल्या दादालाही सुट्टी दिली. जो माणूस लाकडाचा ढलपासुद्धा टाकत नाही, त्याने कपाटापासून छतापर्यंत सगळं ओल्या फडक्याने पुसून काढलं. फडकी पण फेकली. रंध्याचं पातं नवीन बसवलं. तोंडाला फडकं बांधून काम करत होते. मी दारातून ओरडले, बाबा काय चाललंय? तर आतून म्हणाले, तू लांब राहा, अगदी लांब. माझ्यावर असं कधी ओरडले नव्हते."

"आणि पाळण्याचं लाकूड कुठे आहे?"

"ते कुठेच नाही, मावशी. एक काडी नाही. पण पॉलिशवाल्या दादाला एक मोठं बोचकं सायकलवरून नेताना गाणीबाईंच्या शेजारणीने पाहिलंय. आणि बाबा गेल्यापासून तो इकडे फिरकलेला नाही."

४

पॉलिशवाला दोन गल्ल्या पलीकडे एका फर्निचरच्या दुकानात सापडला. भिंगबाईंना बघताच त्याने ब्रश खाली ठेवला.

"मला माहीत होतं कुणीतरी येणार. मी नेलं बोचकं. पण चोरलं नाही."

"मग काय केलंस?"

"मास्तरांनी दिलं. तीन थर प्लास्टिक, वरून चिकटपट्टी. म्हणाले, हे उघडलंस तर परत तोंड दाखवू नकोस. जाळायचं नाही, पुरायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या जिथे गोळा करतात ना शहराबाहेर, तिथे नेऊन द्यायचं आणि त्या लोकांना सांगायचं, बॅटऱ्यांबरोबरच ठेवा."

"बॅटऱ्यांबरोबर?"

"मीही विचारलं, मास्तर, लाकूड आणि बॅटऱ्या? तर म्हणाले, तू घरी जाऊन हात साबणाने धू." त्याने नाक ओढलं. "गाणीबाईंनी बोभाटा केला तेव्हा मी म्हटलं, मी जाऊन सांगतो बोचक्याचं. तर मास्तरांनी माझे हात धरले. म्हणाले, शपथ आहे. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही हो. बोललो तर शपथ मोडते, गप्प राहिलो तर मास्तर चोर ठरतात. म्हणून येणंच सोडलं."

भिंगबाई कारखान्यात परतल्या आणि त्यांनी कामाची वही मागितली. कारागीर प्रत्येक वाद्याला एक पान द्यायचा. तबली, म्हणजे पुढची पातळ फळी, कुठे किती जाड, पाठीचं वजन किती, टिचकी मारल्यावर कसा बोल येतो, सगळं बारीक अक्षरात. गाणीबाईंच्या पानावर मात्र पाठ आणि कडांपुढे दोनच नोंदी होत्या.

आलेलं: शिसं.
गेलेलं: शिसव.

"हेच तर मंडळाने पुरावा म्हणून धरलं," लेक म्हणाली. "आलं शिसव, गेलं शिसव, म्हणजे वहीतसुद्धा खोटं लिहिलं. घाईत एक 'व' राहिलाय तेवढा."

भिंगबाई वही मागे-मागे चाळत गेल्या. शिसवाची एकवीस वाद्यं. एकवीस ठिकाणी 'व' शाबूत. त्या पुन्हा शेवटच्या पानावर आल्या आणि भिंग डोळ्याला लावलं. 'स'च्या डोक्यावर टिंब होतं. ठसठशीत, दाबून दिलेलं.

"घाईत अक्षर गळतं, बाळ. पण गळलेल्या अक्षराच्या जागी टिंब कोण देतं?"

"म्हणजे?"

"तुझे वडील 'व' विसरले नाहीत. त्यांना जे लिहायचं होतं तेच लिहिलंय."

लेकीने तो शब्द ओठांतल्या ओठांत वाचला. एकदा, दोनदा. मग तिचा हात आपसूक पोटावर गेला.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी गाणीबाई बालवाडीत मुलांना गाणी शिकवायला गेल्यावर भिंगबाई त्यांच्या घरी पोचल्या. नवऱ्याने दार उघडलं. पर्समधून छोटी बाटली आणि ब्लेड काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

"गोदीत तुम्ही काय काम करत होता?"

त्याने बाटलीकडे पाहिलं. "रंगाऱ्याचं," तो म्हणाला. "जहाजांच्या लोखंडाला. आधी शेंदरी अस्तर, वर काळा रंग."

"तो गोळा द्या."

त्याने आतून गोळा आणून दिला. भिंगबाईंनी खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, ब्लेड फिरवलं. काळा पापुद्रा निघाला. खाली शेंदरी. त्याच्या खाली पिवळट पांढरं, मऊ लाकूड. त्यांनी भिंग लावलं. शिसवाच्या तोंडावर सुईने टोचल्यासारखी छिद्रं दिसतात. इथे एकही छिद्र नव्हतं, नुसती वलयं.

"चीड आहे हे. खोक्यांचं लाकूड."

"यंत्रांचे सुटे भाग यायचे त्या खोक्यांचं," तो म्हणाला. "आजोबांचा पलंग वगैरे काही नव्हता. आजोबाच जमिनीवर झोपायचे."

भिंगबाईंनी शेंदरी थरावर बाटलीतला एक थेंब सोडला. दोघंही बघत होते. शेंदरी रंग तपकिरी झाला आणि बघता बघता काळा पडला.

"शिसं," त्या म्हणाल्या. "या रसायनाने तेच असं काळं पडतं. तुमच्या गोदीतल्या त्या अस्तरात शिसं असायचं."

"तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं हो." तो खुर्चीत बसला. "तिच्या माहेरचे येणार होते. मला एकदाच, एकदाच त्यांच्यापुढे ताठ उभं राहायचं होतं. डब्यात उरलेला रंग घरी आणला. लाकूड डागाळलेलं, म्हणून आधी अस्तराचे दोन हात मारले, मग काळा. असा चकाकला, की मलाच खरा वाटायला लागला."

"कारागिराने तुम्हाला बोलावलं."

"तिला न सांगता. गेलो तर रंध्याच्या पात्यावर शेंदरी पूड. तो कठड्याचा तुकडा त्यांनी कागदावर वेगळा ठेवलेला. चार दातांच्या खुणा. प्रत्येक खुणेत काळा रंग गेलेला आणि आत शेंदरी दिसत होतं. म्हणाले, हे कुणी रंगवलं? म्हटलं, मी. मग त्यांनी विचारलं, मुलगी कशाने गेली? आणि लगेच म्हणाले, राहू द्या, मी विचारलंच नाही." त्याने तोंडावरून हात फिरवला. "पण विचारलं होतं. पस्तीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं, बाई. मीसुद्धा नाही."

खिडकीतून शेजारचा रेडिओ ऐकू येत होता. भिंगबाईंना तो उठून बंद करावासा वाटला, पण तो त्यांचा नव्हता.

"मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, तिला सांगू नका, ती जगणार नाही. त्यांनी शब्द दिला. म्हणाले, तुमच्या बायकोच्या लेखी पाळणा शिसवाचा होता ना, मग वाद्य शिसवाचंच होईल, माझ्याकडे एक जोडी आहे. मी म्हटलं, हे कसं फेडू? तर म्हणाले, हे लाकूड आता तिचंच."

"आणि ती त्यांना चोर म्हणाली तेव्हा तुम्ही शेजारी उभे होता."

"होतो."

"आणि मंडळाने पत्र पाठवलं तेव्हा?"

"रोज सकाळी ठरवायचो, आज सांगीन. चहा पिऊन झाल्यावर सांगीन. मग ती गोळा हातात घेऊन बसायची, आणि..." त्याने गोळ्याकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, "त्यानेच गेली का हो ती? नक्की?"

भिंगबाई उभी हयात नक्की सांगत आल्या होत्या. हे साग, हे शिसव, हे चीड. "ते आता कुणालाच सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "त्याने गेली असंही नाही, आणि त्याने नाही असंही नाही."

दाराची कडी वाजली. गाणीबाई दोन तास आधीच परत आल्या होत्या.

६

"आज मुलांना सुट्टी दिली," असं म्हणत त्या आत आल्या. त्यांनी टेबल पाहिलं. गोळा, ब्लेड, काळे पापुद्रे. "मी सांगितलं होतं ना, पातं लावायचं नाही म्हणून!"

"मी लावायला सांगितलं," नवरा म्हणाला. तो उभा राहिला. भिंगबाईंना वाटलं, हा आता कोसळणार. पण तो बोलला. "ऐक. पाळणा शिसवाचा नव्हता. खोक्यांच्या फळ्यांचा होता. मी रंगवला आणि तुला खोटं सांगितलं. कारागिराने ते ओळखलं. तुझं मन मोडू नये म्हणून त्याने स्वतःचं शिसव घातलं. तो चोर नव्हता. मी खोटारडा आहे."

गाणीबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग जे झालं त्याची भिंगबाईंनी कल्पना केली नव्हती. त्या हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"एवढंच? अहो, एवढंच? पस्तीस वर्षं हे पोटात ठेवून बसलात? मला काय शिसवाशी लग्न करायचं होतं? खोक्याचा तर खोक्याचा. तिचा होता ना!" त्यांनी पदराने डोळे पुसले. "अरे देवा, आणि मी त्या माणसाला काय काय बोलले. बाई, मी आजच्या आज मंडळाला लिहिते. त्यांच्या लेकीच्या पाया पडते. मला फक्त ते लाकूड परत द्या. चिडाचं असू दे, किडकं असू दे. तो कठड्याचा तुकडा तेवढा द्या."

नवऱ्याने मान फिरवली.

"कुठे आहे तो?"

"नाही आता," नवरा म्हणाला.

"नाही म्हणजे? ढलपासुद्धा न टाकणारा माणूस तो. त्याने माझ्या लेकीच्या दातांचा तुकडा टाकला? का?" त्यांनी भिंगबाईंकडे पाहिलं. "खोक्याचं लाकूड निघालं, तर मला सांगायचं, बाई, हे शिसव नाही. मी दोन दिवस रडले असते. तेवढ्यासाठी कुणी स्वतःला चोर म्हणवून घेतं? तेवढ्यासाठी कुणी मरतं?"

भिंगबाई खोटं बोलू शकल्या असत्या. शब्द तोंडाशी आले होते. लाकूड पोखरलेलं होतं, भुकटी झाली, असं काहीतरी. पण समोर उभ्या असलेल्या बाईंनी हजारभर लहान मुलांचे बहाणे ऐकले होते, आणि त्यांची नजर आता टेबलावरच्या बाटलीवर होती. तिथून ती पापुद्र्यांवर गेली. मग नवऱ्याच्या हातांवर.

"तुम्ही कामावरून यायचात तेव्हा तुमची नखं शेंदरी असायची," त्या हळू म्हणाल्या. "मी म्हणायचे, आधी हात धुवा, मग तिला घ्या. तुमच्या गोदीतला तो एक जण, झटके येऊन गेला. रंगवालाच ना तो? तुम्हीच सांगितलं होतं, त्याच्या रक्तात काहीतरी सापडलं म्हणून."

नवऱ्याने हात पाठीमागे घेतले.

"तिला दात येत होते तेव्हा ती दिवसभर कठडा चावायची," गाणीबाई म्हणाल्या. "मी हौसेने बघायचे. कुणाला तरी बोलावून दाखवायचे. बघा, बघा म्हणायचे."

तो त्यांच्याकडे एक पाऊल आला. त्यांनी हात वर केला, थांबा म्हणून. रागाने नव्हे; वर्गात मुलं गोंगाट करायला लागली की करतात तसा. मग त्या आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. कडीचा आवाज आला नाही. पण तो दारापर्यंत गेला आणि ते ढकलणं त्याच्याने झालं नाही. भिंगबाई निघाल्या तेव्हा तो तिथंच उभा होता.

७

मंडळाला पत्र आठवड्याच्या आत गेलं. गाणीबाईंनी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. लाकूड ओळखण्यात माझी चूक झाली. कारागिराने मला दिलं ते माझ्या लाकडाहून कितीतरी मोलाचं होतं. त्यांचं नाव सन्मानाने यादीत परत घ्यावं. कारण लिहिलेलं नव्हतं आणि मंडळाने विचारलं नाही. नाव परत यादीत आलं, शेवटच्या पानावर, दिवंगत कारागीर या मथळ्याखाली.

त्या स्वतः लेकीकडे आल्या नाहीत. बहिणीच्या गावी राहायला गेल्या म्हणून कळलं. नवरा त्या दोन खोल्यांत एकटा राहतो. भिंगबाई एकदा डबा घेऊन गेल्या, तर त्याने दार उघडलं, डबा घेतला, आणि बसा म्हणायचं त्याच्या लक्षात आलं नाही.

लेकीला भिंगबाईंनी सगळं सांगितलं होतं. वाईट निघालं तरी सांगा, असं तीच म्हणाली होती. मंडळाचं नवं पत्र आलं त्या दिवशी ती कारखान्यात बसून हत्यारं पोत्यात भरत होती. पटाशा, चिमटे, वळवायची नळी. कारखान्याला कुलूप लागणार होतं. रंधा धरणारं घरात कुणी उरलं नव्हतं. पॉलिशवाला आला होता, पण तोही नुसता दाराशी बसून होता.

भिंगबाईंनी पत्र वाचून दाखवलं. लेकीने ऐकलं, पोत्याचं तोंड बांधलं.

"तुझ्या वडिलांनी फार मोठं मन दाखवलं," भिंगबाई म्हणाल्या. "तुला आठ दिवस लांब ठेवलं, ते का, हेही आता..."

"मावशी, ते पहिलं पत्र आलं, बाबा गेले, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना एक विचारलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही मी." तिने खाली बघितलं. "मी विचारलं, बाबा, माझं शिसव विकलंत, त्यांचं लाकूड चोरलंत, आणखी काय काय केलंत?"

"मग?"

"जेवत होते. ताट तसंच सरकवून उठले. म्हणाले, तू जेव, तुला दोन जिवांचं खायचंय." तिने पोत्याची गाठ पुन्हा आवळली. "आणि मी जेवले, मावशी. पोटभर जेवले."

भिंगबाईंनी गळ्यातलं भिंग उगाचच पुसलं. पॉलिशवाला उठला, त्याने पोतं खांद्यावर घेतलं आणि विचारलं, "हे कुठे ठेवू, ताई?"

"कुठेही," ती म्हणाली.